आईला तीन रूपांचा तक्ता नको, वीस क्रियापदं द्या

तुमचा प्रश्न असा: आई दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, आता पन्नाशीची, बहिणीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जाणार. हातात चार महिने आहेत. तुम्ही तिला क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता आणून दिलात, ती रोज नेमाने दहा क्रियापदं पाठ करते, आणि तरी तोंडातून एक वाक्य निघत नाही. कोणती क्रियापदं आधी घ्यायची आणि किती?

वीस पुरे आहेत. तक्ता सध्या मिटून ठेवा.

मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना, त्यातही बायकांना, इंग्रजी शिकवते, आणि हा तक्ता जवळजवळ प्रत्येकीच्या पिशवीत असतो. तो एबीसीडीच्या क्रमाने लावलेला असतो, म्हणून सुरुवात होते ‘अराइज, अरोज, अरिझन’पासून. तुमच्या आईला तिकडे ‘अराइज’ म्हणायची वेळ एकदाही येणार नाही. ‘गेट’ मात्र दिवसातून पन्नासदा कानावर पडेल, आणि तक्त्यात त्याच्यापुढे ‘मिळणे’ एवढा एकच अर्थ असेल. मग मुलगी गाडीचं दार उघडून ‘गेट इन’ म्हणाली की आईच्या डोक्यात ‘मिळणे’ येणार आणि ती उभीच राहणार. दोष तिच्या पाठांतराचा नाही. तिला रूपं दिली गेली, वापर दिला गेला नाही. तिच्या पिढीला शाळेत इंग्रजी भेटलं तेच मुळी पाचवीत. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. आणि पाचवी ते दहावी जे मिळालं तेही वाचून भाषांतर करण्यापुरतं. बोलण्याचा सराव तिला कुणी दिलाच नाही.

माझी वीस अशी: बी (म्हणजे ॲम, इज, आर), हॅव, डू, गो, कम, गेट, गिव्ह, टेक, पुट, मेक, कीप, से, टेल, सी, लुक, नो, वाँट, नीड, हेल्प, कॉल. सोबतीला ‘कॅन’.

थोड्या क्रियापदांवर भागवायची कल्पना जुनी आहे. केंब्रिजच्या सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं, एकूण ८५० शब्दांचं. त्यात क्रियापदं फक्त १८ होती, आणि माझ्या विसातली तेरा त्यांच्या यादीत आहेत. त्यांची युक्ती अशी, की ‘एंटर’ऐवजी ‘गो इन’, ‘रिटर्न’ऐवजी ‘कम बॅक’ किंवा ‘गिव्ह बॅक’, ‘रिमूव्ह’ऐवजी ‘टेक ऑफ’ नाहीतर ‘टेक अवे’. छोटं क्रियापद आणि त्याला जोडलेला इन, आउट, अप, ऑफ, बॅक. पुढे मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २००० शब्दांची यादी छापली. हे गृहस्थ ढाक्याला शिक्षणाचं काम केलेले, म्हणजे आपल्यासारख्याच मुलांना इंग्रजी शिकताना पाहिलेले. त्या यादीतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट ही, की एकाच शब्दाचा कोणता अर्थ किती वेळा वापरात येतो तेही त्यांनी नोंदवलं. शब्द येतो म्हणजे नक्की त्याचा कोणता अर्थ येतो, हा प्रश्न तुमच्या आईच्या बाबतीतही विचारायला हवा.

ऑग्डेन यांच्या युक्तीत एक धोका आहे तेवढा सांभाळा. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, हे पुट, अप आणि विथ वेगवेगळे येत असले तरी कुणाला कळणार नाही. म्हणून आधी फक्त हातापायाने करून दाखवता येतील अशाच जोड्या घ्या: कम इन, गो आउट, पुट डाउन, टेक आउट, गेट अप, गिव्ह बॅक.

आता ‘हॅव’. इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही पहिला पूर्ण आठवडा इथेच घालवा. मराठीत याला स्वतंत्र क्रियापद नाही. मला दोन मुली आहेत, माझ्याकडे पासपोर्ट आहे, मला ताप आहे, घराला तीन खोल्या आहेत, सगळीकडे आपलं ‘आहे’. ‘आहे’ म्हणजे ‘इज’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असल्यामुळे शिकणारी बाई ‘मला’ आणि ‘आहेत’ यांची जुळणी करत बसते आणि वाक्य घशातच अडकतं. तिला एवढंच सांगा: मला, माझ्याकडे, माझ्याजवळ काहीतरी ‘आहे’ असं मनात आलं की सरळ ‘आय हॅव’ने सुरुवात कर. आय हॅव टू डॉटर्स. आय हॅव अ पासपोर्ट. आय हॅव अ फीवर. भूक, तहान, थंडी, झोप यांना मात्र हे चालत नाही. तिथे आय ॲम हंग्री, आय ॲम थर्स्टी, आय ॲम कोल्ड, आय ॲम स्लीपी. हे चार वेगळे पाठ करून घ्या, कारण सांगत बसू नका.

‘आय ॲम हॅविंग टू डॉटर्स’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, आणि इथल्या इथे ते खपूनही जातं. तुमच्या आईच्या बाबतीत मात्र मी ते आत्ताच मोडून काढेन. तिकडे ‘माय डॉटर इज हॅविंग अ बेबी’ याचा अर्थ मुलगी बाळंत होणार आहे, आणि ‘माय डॉटर हॅज अ बेबी’ म्हणजे तिला बाळ आहे, झालेलं आहे. दवाखान्यात, विमानतळावर, शेजारणीशी बोलताना आईला नेमकी हीच दोन वाक्यं लागणार आहेत, आणि दोन्हींत ‘हॅव’च आहे. जवळ असणं, नातं असणं, दुखणं असणं यासाठी साधं ‘हॅव’. जेवण चालू असेल तर ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबरच आहे.

याच ‘हॅव’ची आणखी दोन कामं लगेच शिकवा. एक, ‘लागणे’. मला जावं लागेल: आय हॅव टु गो. औषध घ्यावं लागतं: आय हॅव टु टेक मेडिसिन. दुसरं, नम्रपणे मागणं. ‘आय वाँट वॉटर’ चूक नाही, पण अनोळखी माणसाला ते रोखठोक वाटतं. ‘कॅन आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ असं म्हटलं की झालं. आपली आई घरात कुणाशी कधी तोडून बोललेली नसते, आणि परक्या देशात फक्त क्रियापद चुकीचं निवडल्यामुळे ती उद्धट वाटावी, हे मला फार लागतं. म्हणून ‘कॅन आय हॅव’ तिच्या जिभेवर बसेपर्यंत म्हणून घ्या.

दुसरा आठवडा ‘डू’चा. ‘डिड यू वेंट?’ ही चूक मराठी माणूस हमखास करतो. आपण ‘तू गेलास’ला नुसता ‘का’ जोडतो, क्रियापदाला हात लावत नाही. इंग्रजीत प्रश्न करायला ‘डू’ पुढे येतो आणि काळ स्वतःकडे घेतो. काळ त्याने घेतला की मागचं क्रियापद मूळ रूपात परत जातं. शी वेंट. डिड शी गो? शी डिडंट गो. वर्तमानातला ‘एस’सुद्धा तसाच सरकतो: शी वर्क्स, डज शी वर्क? शी डझंट वर्क. वहीत ही वाक्यं एकाखाली एक लिहा आणि तो ‘एस’ लाल पेनाने रंगवा. ‘वर्क्स’मधला एस ‘डज’मध्ये गेलेला डोळ्यांना दिसला की पुन्हा समजवावं लागत नाही. नियम शब्दांत सांगून इतकं काम होत नाही.

यापुढची क्रियापदं इंग्रजीकडून शिकवू नका, आईच्या मराठीकडून या. ती दिवसभर जी मराठी क्रियापदं वापरते त्यांतल्या काहींची इंग्रजीत पाच-सहा शकलं होतात, आणि अडखळणं तिथेच होतं. ‘लावणे’ घ्या. दार लाव: क्लोज द डोअर. लाइट लाव: टर्न ऑन द लाइट. गजर लाव: सेट द अलार्म. बाळाला क्रीम लाव: पुट सम क्रीम ऑन द बेबी. ‘काढणे’चं तेच. फोटो काढ: टेक अ फोटो. बूट काढ: टेक ऑफ युअर शूज. फ्रिजमधून दूध काढ: टेक द मिल्क आउट ऑफ द फ्रिज. इथपर्यंत ‘टेक’ने निभावतं. पण चित्र किंवा रांगोळी काढायला ‘ड्रॉ’ लागतं आणि केर काढायला ‘स्वीप’. ‘करणे’ही असंच: चहा करते, मेक टी; भांडी करते, डू द डिशेस; फोन करते, कॉल. नवीन वस्तू तयार होत असेल तर बहुतेक वेळा ‘मेक’, काम उरकायचं असेल तर बहुतेक वेळा ‘डू’. अपवाद आहेत, पण चार महिन्यांत ते भेटले तर भेटू देत.

‘येणे’कडे जरा काळजीपूर्वक बघा. मला पोहता येतं हे ‘आय कॅन स्विम’. मला हिंदी येतं हे ‘आय नो हिंदी’ किंवा ‘आय स्पीक हिंदी’. आणि निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. शेजारणीच्या दारातून निघताना आई सवयीने ‘आय ॲम कमिंग’ म्हणाली, तर ती बिचारी दार उघडं ठेवून वाट बघत राहील. तिथे ‘आय हॅव टु गो नाऊ’ आणि ‘सी यू’. आईला ‘गो’ म्हणायला जड जाईल. माझ्या वर्गात बऱ्याचजणींना जातं. त्यांना मी फक्त ‘सी यू’ म्हणायला सांगते. त्यात पुन्हा भेटण्याचा अर्थ आहेच.

‘से’ आणि ‘टेल’चा घोळ एका वाक्यात सोडवता येतो: कुणाला सांगायचं ते माणूस लगेच पुढे येत असेल तर ‘टेल’. टेल मी, टेल हर, टेल द डॉक्टर. ‘मला’तला ‘ला’ आपल्याला ‘टु’ घालायला लावतो, म्हणून ‘टेल टु मी’ होतं. तो ‘टु’ काढून टाका. समोरच्याचं बोलणं कळलं नाही तर ‘प्लीज से दॅट अगेन’. हे वाक्य पहिल्याच दिवशी द्या. तिकडचे उच्चार पहिले काही दिवस कुणालाच कळत नाहीत, आणि न कळता मान हलवण्याची सवय दवाखान्यात महागात पडते.

भूतकाळाचं आता. विसातली पंधरा अनियमित आहेत, सर्वांत जास्त वापरातली क्रियापदं इंग्रजीत अशीच असतात. म्हणून पाठांतर टळत नाही, पण ते दुसऱ्याच रूपाचं आणि तेवढ्या पंधरांचंच: वॉज-वेअर, हॅड, डिड, वेंट, केम, गॉट, गेव्ह, टुक, पुट, मेड, केप्ट, सेड, टोल्ड, सॉ, न्यू. ‘पुट’ बदलत नाही हे तिला सांगा, तिला बरं वाटेल. तिसरं रूप सुटं शिकवूच नका. ‘आय हॅव कम टु सी माय डॉटर’ अशा दोन-तीन तयार वाक्यांतून ते आपोआप येईल. ‘काल’ असेल तिथे ‘हॅव’ घालायचा नाही: आय सॉ हर यस्टरडे.

उरलेल्या पाचांना ‘ईडी’ लागतो, आणि त्याचा उच्चार आपण लिहिल्याबरहुकूम करतो. ‘लुकेड’, ‘हेल्पेड’, ‘कॉलेड’ असं म्हणू देऊ नका. लुक्ट, हेल्प्ट, कॉल्ड. शेवटी ट किंवा ड असेल तरच वेगळं अक्षर ऐकू येतं: वाँटेड, नीडेड.

सरावाबद्दल थोडक्यात. रोज तिने स्वतःच्याच दिवसाची दहा वाक्यं मोठ्याने म्हणायची, काम करता करता: आय ॲम मेकिंग टी, आय पुट द मिल्क बॅक, आय हॅव टु कॉल माय सिस्टर. लिहून मग वाचायची नाहीत. तुम्ही एका वेळी एकच चूक दुरुस्त करा. आठवडा ‘हॅव’चा असेल तर ‘एस’ राहिला तरी गप्प बसा. मुलांनी वाक्यावाक्याला टोकलं की आया बोलणंच बंद करतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की कळकळीने सांगते.

आठवड्यातून दोनदा बहिणीला फोनवर अधिकारी व्हायला सांगा. विमानतळावर साधारण हेच विचारतात: व्हाय आर यू हिअर? हाऊ लाँग आर यू स्टेइंग? व्हेअर आर यू स्टेइंग? डू यू हॅव अ रिटर्न टिकेट? उत्तरं छोटी आणि खरी हवीत. आय हॅव कम टु सी माय डॉटर. शी इज हॅविंग अ बेबी. आय ॲम स्टेइंग विथ हर. येस, आय हॅव अ रिटर्न टिकेट. प्रश्नांचा क्रम दर वेळी बदला, बहिणीला मुद्दाम भरभर बोलायला सांगा, आणि पहिल्या महिन्यात आईने उत्तराआधी ‘प्लीज से दॅट अगेन’ म्हटलं तरी ते बरोबर धरा.