फ्लोरिन पिरिऑडिक टेबलमधल्या त्याच्या उभ्या ग्रुपमध्ये सगळ्यात वर आहे, मग इलेक्ट्रॉन ॲफिनिटी (अणूला इलेक्ट्रॉन दिला की बाहेर पडणारी एनर्जी) क्लोरिनची जास्त कशी?

प्रश्न बरोबर आहे तुमचा, ग्रुपमध्ये खाली जाताना ती कमी होते या नियमाने बघितलं तर फ्लोरिनच पुढे असायला हवा होता. पण आकडे बघा, फ्लोरिन ३२८ आणि क्लोरिन ३४९ किलोज्यूल प्रति मोल. कारण फ्लोरिनचा अणू फारच लहान असतो, त्याच्या दुसऱ्या शेलमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या थरात, आधीच सात इलेक्ट्रॉन दाटीवाटीने बसलेत आणि आठवा आला की ते सगळे त्याला ढकलतात, म्हणजे न्यूक्लियस ओढतो खरा पण त्यातली थोडी एनर्जी या ढकलाढकलीतच जाते. क्लोरिनचं तिसरं शेल ऐसपैस, त्यामुळे तिथे हा त्रास कमी. पुढे ब्रोमिन ३२५, आयोडिन २९५, तिथून नेहमीसारखं उतरत जातं. ऑक्सिजन-सल्फरचंही अगदी हेच, १४१ आणि २००.

टेबलच्या आडव्या ओळीत डावीकडून उजवीकडे ॲफिनिटी साधारण वाढते, पण नायट्रोजनला अडकते. कार्बन १२२ आणि नायट्रोजन जवळपास शून्य! त्याच्या तीन पी ऑर्बिटलमध्ये (शेलमधल्या इलेक्ट्रॉनच्या जागांमध्ये) एकेक इलेक्ट्रॉन बसलेला असतो, नवीन आलेल्याला कुणाच्या तरी शेजारी जोडीने बसावं लागतं आणि ते महागात पडतं. निऑन वगैरेंचं शेल भरलेलंच, ते इलेक्ट्रॉन घेतच नाहीत.

आणि एक, इलेक्ट्रोनिगेटिव्हिटीशी गल्लत करू नका प्लीज, बरेच जण तिथेच मार्क घालवतात. ती म्हणजे बाँडमधल्या इलेक्ट्रॉनना अणूची स्वतःकडे असलेली ओढ, त्यात फ्लोरिनच पहिला. ॲफिनिटी म्हणजे वायुरूपातल्या एकट्या अणूला एक इलेक्ट्रॉन दिला की बाहेर पडणारी एनर्जी.