चालू हॉस्पिटलमध्ये शटर बदलताना

तुमची तीन शटरं मोडलीत, माल उतरवायच्या दाराचं, स्टोअरचं आणि किचनच्या पॅसेजमधलं, ती बदलायचीत आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय दोन दिवसांत तिन्ही नवीन बसवून देतो. देईल हो, पण जुनी तिन्ही एकदम काढू देऊ नका, एक बसवून चालवून बघितलं की मगच दुसऱ्याला हात.

हॉस्पिटलच्या मेंटेनन्समध्ये बरीच वर्षं काढलीत त्यावरून सांगतो, शटर बसवणं सोपं, धूळ अवघड. जुने गाइड, म्हणजे शटर ज्यात सरकतं त्या बाजूच्या खाचा, उखडताना भिंतीचं प्लास्टर सुटतं, नवीन बोल्टसाठी ड्रिल मारलं की भुकटी उडते, त्यात ॲस्परजिलस बुरशीचे कण असू शकतात, तुम्हाआम्हाला सहसा काही होत नाही पण केमो चालू असलेल्या पेशंटच्या फुप्फुसात गेले तर जिवावर बेततं. म्हणून इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना पहिल्याच मीटिंगला बसवा. जमिनीपासून छतापर्यंत सील केलेला पडदा, आत हेपा फिल्टरचं (अगदी बारीक धूळ अडवणारं) मशीन, आणि कोरडा झाडू अजिबात नाही, ओलं पुसायचं. धुळीने खोटा अलार्म वाजू नये म्हणून स्मोक डिटेक्टरवर टोप्या लावल्या तर संध्याकाळी स्वतः मोजून काढा, आमच्याकडे एक टोपी चार दिवस तशीच राहिली होती!! ग्राइंडर, वेल्डिंग ऑक्सिजन लाइनजवळ नको, कापायचं ते बाहेर कापून आणा.

किचनचं शटर फायर शटर, म्हणजे आग लागली की आपोआप खाली येणारं, आहे का ते आधी बघा, फायर अलार्मच्या पॅनलची वायर किंवा उष्णतेने वितळणारी कडी दिसेल. असेल तर तिथे साधं शटर चालणार नाही आणि नवीन बसल्यावर अलार्म देऊन खरंच खाली येतंय का ते समोर उभं राहून बघायचं.

आता मुख्य प्रश्न, ही मोडली कशाने? खालची पट्टी एकाच कोपऱ्यात वाकली असेल तर गाडी नाहीतर ट्रॉली धडकतेय, नवीन शटरची पण तीच गत होणार, आधी दोन्ही बाजूंना लोखंडी खांब रोवा. पट्ट्या धड आहेत पण स्प्रिंगच सारखी तुटते, तर बहुधा वापर जास्त आहे. दिवसाला ४० वेळा वर-खाली म्हणजे वर्षाला १४,६०० फेऱ्या, आणि साध्या स्प्रिंगचं आयुष्य साधारण १०,००० ते २०,००० फेऱ्या धरतात. तिथे दिवसा हायस्पीड (झटकन उघडबंद होणारा) दरवाजा आणि शटर फक्त रात्री.

मोटरचं शटर घेताय तर वीज गेल्यावर हाताने ओढायची साखळी हवीच, आणि वीज बंद करून ती रात्रपाळीच्या सिक्युरिटीवाल्याला ओढायला लावा. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला नाही.