अल्बम फोटोंचा असतो, मग गाण्यांचा कसा?

प्रश्न असा आलाय की अल्बम तर लग्नाच्या फोटोंचा असतो, मग गाण्यांच्या संग्रहाला अल्बम का म्हणतात, आणि त्याऐवजी गीतसंग्रह म्हटलं तर चालेल का.

तर गाण्यांचा अल्बम एकेकाळी खरंच फोटोंच्या अल्बमसारखाच दिसायचा. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा, त्यात आवाज नळकांड्यावर उमटायचा, मग १८८७ मध्ये एमिल बर्लिनरने ग्रामोफोनचं पेटंट घेतलं आणि चपटी तबकडी आली, साच्यावरून एकसारख्या भरपूर काढता यायच्या म्हणून धंदा खरा वाढला तो हिच्यामुळे. (माझ्या मते मान बर्लिनरला जास्त मिळायला हवा, पण नाव एडिसनचंच होतं.) अडचण एवढीच की मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या स्पीडने फिरणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहरजान यांचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा तासभर रंगणारं गाणं तेवढ्यात बसवायचं, वर शेवटी 'माय नेम इज गौहरजान' हेही त्यातच म्हणायचं!

आता लांबलचक पाश्चात्त्य रचना असली की तिच्या चार-पाच तबकड्या व्हायच्या, त्या सुट्या विकून कसं चालेल, म्हणून जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात पानांऐवजी कागदी पाकिटं शिवून एकेकात एकेक तबकडी ठेवायला लागले. १९०९ मध्ये ओडियन कंपनीने रशियन संगीतकार चायकोव्हस्कीची 'नटक्रॅकर स्वीट' ही रचना चार तबकड्यांत अशी काढली होती. या पुस्तकाला अल्बम म्हणायला लागले. मूळ शब्द लॅटिन, अल्बस म्हणजे पांढरा, रोमन लोक जाहीर सूचना लिहायचे तो पांढरा फळा म्हणजे अल्बम, पुढे मित्रांच्या सह्या घ्यायची कोरी वही, मग फोटो, मग रेकॉर्डी.

१९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने एलपी म्हणजे जास्त वेळ वाजणारी (लाँग प्ले) तबकडी आणली, एका बाजूला वीसेक मिनिटं, म्हणजे अख्खं पुस्तक एका तबकडीत आलं. पुस्तक गेलं, नाव राहिलं.

मराठीचं म्हणाल तर गीतसंग्रह म्हटलं की मला शब्द छापलेलं पुस्तक आठवतं, ध्वनिमुद्रिका म्हणजे एकच तबकडी, त्यामुळे अर्थाने जवळचा ध्वनिमुद्रिका-संच, पण बोलताना तो कोण म्हणणार. नव्वदीत लोक सरळ 'नवी कॅसेट आली' म्हणायचे, कॅसेट गेली तसा तोही शब्द गेला, तेव्हा अल्बमच म्हणा, बिनधास्त. खटकतं ते हल्लीचं 'अल्बम साँग', गाणं एकच असतं, यूट्यूबवर सुटं येतं, सिनेमातलं नाही एवढंच सांगायला त्याला अल्बम चिकटवतात.