चार्ज घ्या, एमबीए नंतर बघू

प्रश्न : मी 28 वर्षांची. सरकारी बँकेत पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) म्हणून लागले, आता स्केल 2 मध्ये, म्हणजे मॅनेजरच्या हुद्द्यावर आहे. विलीनीकरणानंतर तालुक्याच्या गावातल्या आमच्या दोन शाखांची एक केली आणि तिचा चार्ज मला देत आहेत. निम्मा स्टाफ दुसऱ्या बँकेतून आलेला, बरेच जण वडिलांच्या वयाचे. मला माणसं सांभाळता येतील असं वाटत नाही. नोकरी सोडून आधी दोन वर्षांचं एमबीए करू का?

उत्तर : सोडू नका. चार्ज घ्या.

तुम्हाला ज्याची धास्ती वाटते, ते शिकायची जागा ही शाखाच आहे. अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेने 1980 च्या दशकात मोठ्या पदावरच्या अधिकाऱ्यांना विचारलं होतं, तुम्ही घडलात कशामुळे? बहुतेकांनी अंगावर पडलेल्या अवघड जबाबदाऱ्यांची नावं घेतली, मग वरिष्ठांची, आणि वर्गातल्या शिक्षणाचा नंबर बराच मागे लागला. यावरून निघालेलं 70-20-10 चं सूत्र (70 टक्के शिकणं कामातून, 20 टक्के माणसांकडून, 10 टक्के वर्गात) मी शब्दशः मानत नाही, पण क्रम मला पटतो.

आता तुमच्या शाखेकडे बघा. 1 एप्रिल 2020 ला, लॉकडाउन लागून आठवडा होतो न होतो तोच, दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. आयएफएससी बदलले, जुनी चेकबुकं बंद झाली. ही कामं सर्क्युलर आणि ट्रेनिंगने निभावली. पण ज्या बँकेत उमेदीची वर्षं गेली तिची पाटीच उतरली, हे दुःख सर्क्युलरने जात नाही. म्हणून 'आमच्याकडे असं नव्हतं' हे वाक्य तुम्हाला रोज ऐकू येईल. त्याला विरोध समजू नका, माझी कळकळीची विनंती आहे.

तिकडून आलेल्या कॅशियरला गावातले पेन्शनर नावानिशी ठाऊक असतात. कुणाची सही हात थरथरल्यामुळे जुळत नाही, तेही माहीत असतं. नव्या सिस्टीममधला मेनू मात्र त्याला सापडत नाही आणि मुलीच्या वयाच्या मॅनेजरला विचारायचा संकोच वाटतो. त्याच्या शेजारी तुमच्या बँकेतला जाणता क्लार्क बसवा आणि क्लार्कला सांगा, गिऱ्हाईक ओळखायला यांच्याकडून शिक. दोघांनाही मान राहतो. सुरुवातीला रोज शाखा उघडायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांशी उभ्याउभ्या बोला. आधी त्यांच्या अडचणी, टार्गेटं त्यानंतर. चूक दाखवायची तर केबिनमध्ये, कौतुक काउंटरवर.

बँकेचीही जबाबदारी आहेच. नवख्या अधिकाऱ्याला शाखेत ढकलायचं आणि महिनाअखेरीला फक्त आकडे विचारायचे, याने नेतृत्व घडत नाही, माणूस खचतो. म्हणून जॉइन होण्याआधी रीजनल ऑफिसकडे दोन गोष्टी मागा : आधीच्या मॅनेजरबरोबर नीट हँडओव्हर, आणि विलीन झालेली शाखा चालवलेला एखादा सीनियर, ज्याला अडलं तर फोन करता येईल. बिनदिक्कत मागा.

सीएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची व्यावसायिक परीक्षा राहिली असेल तर ती उरकून घ्या. पुण्याच्या एनआयबीएम या बँकिंग प्रशिक्षण संस्थेत बँक अधिकाऱ्यांसाठी छोटे कार्यक्रम असतात. नाव पाठवायला सांगा. एमबीए करावंसं वाटलंच तर दोन-तीन वर्षांनी बघा. आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्ससारख्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांना कामाचा अनुभव लागतोच, आणि तोवर मुलाखतीत सांगायला तुमच्याकडे स्वतः चालवलेली शाखा असेल.