मोती मोरीत का येत नाही?

प्रश्न : मुलाकडे मेलबर्नला चार महिने राहून आलो. तिथे कुत्र्यांना अंघोळ घालायचं यंत्र पाहिलं. पैसे टाकायचे, कुत्रं टबात चढवायचं आणि आपणच धुवायचं. कुत्री शहाण्यासारखी उभी राहायची. आमचा मोती मात्र बादली दिसली की जिन्याखाली दडतो. काय करावं? (एक आजोबा, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : आजोबा, तसल्या यंत्रानं माझीही फजिती केलीय. बहिणीचा लॅब्रॅडोर घेऊन ऐटीत गेले, जनावरांची डॉक्टर ना मी! पैसे टाकल्याबरोबर घड्याळ सुरू झालं आणि मी पट्टा कुठे अडकवायचा ते शोधत बसले. कुत्र्याच्या अंगभर फेस असताना पाणी बंद! बहीण सुट्टे आणायला गाडीकडे पळाली, तोवर त्यानं अंग झाडून मलाच न्हाऊ घातलं.

त्या यंत्रात जादू काही नाही. टब कमरेइतका उंच, त्यामुळे आपली पाठ वाचते. पाणी कोमट, नळीचा जोर बेताचा, शेवटी वाळवायला वारा. पण मोतीच्या दृष्टीनं मोलाचं काय, तर तळाला अंथरलेलं रबर. कुत्रं पाण्याला भितं असं आपण म्हणतो. मला विचाराल तर बहुतेक कुत्री घसरायला भितात. मोरीतली फरशी ओली झाली की नखं टिकटिक करत चारी पाय चार दिशांना जातात, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी डोक्यावर तांब्या ओततं.

मोरीत गोणपाट अंथरा. पहिले दोन दिवस पाणी नकोच. मोतीला त्यावर नुसतं उभं करा, भाकरीचा तुकडा द्या आणि सोडून द्या. तिसऱ्या दिवशी कोमट पाणी, तेही मानेपासून मागे. तोंड सगळ्यात शेवटी, ओल्या फडक्यानं. विंचरायचं ते अंघोळीआधी, कोरड्या केसांवर. भिजलेला गुंता आणखी आवळतो. शाम्पू कुत्र्यांचाच घ्या. आपली कातडी किंचित आम्लधर्मी, त्यांची उदासीनच्या जवळची आणि आपल्यापेक्षा पातळ. आपला साबण त्यांना कोरडा पडतो. चोळायला जेवढा वेळ घ्याल त्याच्या दुप्पट वेळ धुवायला द्या. बोअरचं जड पाणी असेल तर आणखी. काखेत आणि पोटाखाली फेस राहिला, की पुढचा आठवडा खाजवण्यात जातो.

प्रश्न : शंभर फुटी रस्त्यावर माझा गाळा आहे. तिथे असंच ‘स्वतः धुवा’ सेंटर काढायचा विचार आहे. काय लक्षात ठेवू? (एक तरुण वाचक, सांगली)

उत्तर : यंत्र विकणारा तुम्हाला ब्लोअरची ताकद सांगेल. मी पार्वोची आठवण करून देते, म्हणजे पिल्लांना रक्ताचे जुलाब होतात तो आजार. त्याचा विषाणू टबात, फरशीवर महिनोन्‌महिने तग धरतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही. प्रत्येक कुत्र्यानंतर केस, घाण काढून टब घासा. मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं ताजं मिश्रण लावून दहा मिनिटं थांबा आणि खळखळून धुवा. घाणीवरच ब्लीच ओतलं तर ते वाया जातं. लसीचं कार्ड पाहिल्याशिवाय आत घेऊ नका, लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला तर मुळीच नाही. गिऱ्हाईक रागावेल, रागावू द्या.

ब्लोअर पाठीकडून सुरू करायचा, तोंडावर कधीच नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला गरम वारा नकोच. कुत्रं आपल्यासारखं घामानं थंड होत नाही, धापा टाकून होतं. एप्रिल-मेमध्ये बंद गाळ्यात पग धापा टाकायला लागला, तर धुणं तिथेच थांबवायचं. टबात बांधताना गळ्याच्या साखळीला नको, छातीच्या पट्ट्याला बांधा. आणि मोरीच्या तोंडाला जाळी बसवाच, नाहीतर केसांनी महिन्याभरात प्लंबर तुमचा जिवलग होईल.

प्रश्न : आमचा हळदीचा व्यापार, म्हणून अंघोळीच्या पाण्यात हळद आणि कडुनिंब घालतो. तरी गोचिडी जात नाहीत. गोठ्यातलं जनावरांचं औषध वापरू का? (एक वाचक, हरिपूर)

उत्तर : नको! जनावरांच्या मापानं कालवलेलं औषध कुत्रं अंग चाटून पोटात घेतं. मग लाळ गळते, तोल जातो, झटकेही येतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा मान जेवणात. गोचीड तिला भीक घालत नाही, पांढरं कुत्रं मात्र पिवळं होतं.

गोचीड अंगावर दिसते तेवढीच नसते. मादी रक्त पिऊन खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते. म्हणून भेगा बुजवा, अंथरूण उन्हात टाका. चिकटलेली गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. काडीनं चटका देणं, रॉकेल लावणं बंद. मानेवर सोडायचं औषध दिलं असेल तर आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं किंवा कुत्रं जेवेना, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

प्रश्न : कृष्णेत पोहायला नेलं तर वेगळी अंघोळ लागते का? (एक कॉलेजकुमार, सांगलीवाडी)

उत्तर : लागते. नदीत साबण मात्र लावू नका. पावसाळ्यात आणि पूर ओसरल्यावर नेऊच नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजाराचे जंतू पाण्यात उतरतात. ते कुत्र्यालाही लागतात आणि तुम्हालाही. कुत्र्यासाठी त्याची लस आहे, दरवर्षी द्यावी लागते.

प्रश्न : अंघोळीनंतर आमची राणी दोन दिवस डोकं झाडते. (एक वाचक, मिरज)

उत्तर : कान बघा. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते, त्यामुळे गेलेलं पाणी तिथेच साचतं. लोंबत्या कानांना वाराही लागत नाही. अंघोळीआधी दोन्ही कानांत कापसाचा बोळा ठेवा, आठवणीनं काढा आणि कानाची पाळी आतून कोरड्या फडक्यानं पुसा. काडी घालू नका. कान उचलल्यावर आंबूस वास आला किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी काळी घाण दिसली, तर घरी तेल न घालता तशीच घेऊन या, म्हणजे मला आत काय आहे ते दिसेल.