ती ‘नातेवाईक’ तुम्हीच ना?

पत्र (संक्षिप्त): मी ५९ वर्षांची निवृत्त शिक्षिका. तीन वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. आमचा जुना ट्रेकचा ग्रुप डिसेंबरमध्ये कळसूबाईला चाललाय. त्या निमित्ताने मी गरजू पार्किन्सन्स रुग्णांच्या फिजिओथेरपीसाठी वर्गणी गोळा करतेय. सगळ्यांना सांगितलंय की माझ्या एका नातेवाइकाला हा आजार आहे. थरथरणारा हात ओढणीखाली ठेवते. कधीकधी दारात पाय अडकतो. डॉक्टर म्हणतात, काळजी घेऊन जायला हरकत नाही. यजमान म्हणतात, नसती हौस. जाऊ का?

उत्तर:

ताई, जा. पण आधी ग्रुपला सांगा. सांगणार नसाल तर माझं ‘जा’ मी परत घेते.

कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, हे तुम्हाला मी काय सांगायचं! मला काळजी आहे ती बारी गावातून वर जाताना लागणाऱ्या लोखंडी शिड्यांची. गंमत म्हणजे पायऱ्या चढणं पुष्कळ पार्किन्सन्स रुग्णांना सपाट जमिनीपेक्षा सोपं जातं. प्रत्येक पायरी पायाला जागा दाखवते. पाय अडकतो, म्हणजे जमिनीला खिळल्यासारखा होतो, तो वळताना, अरुंद जागेत शिरताना आणि मागून कुणी घाई केली की. म्हणजे नेमका शिडीच्या तोंडाशी. तिथे तुम्ही थबकलात आणि मागचा मित्र ‘अगं, चल ना’ म्हणाला, तर पाय आणखीच रुतेल. त्याला माहीत असेल तर तो मागच्यांना थोपवेल आणि ‘एक-दोन, एक-दोन’ मोजेल. त्या तालावर बहुतेकदा पाय सुटतो. शनिवार-रविवार मात्र टाळा, शिड्यांवर रांग लागते.

लेव्होडोपा, म्हणजे या आजारावरची नेहमीची गोळी, घेत असाल तर गोळीचा अंमल कधी चढतो, कधी उतरतो याची दोन आठवडे नोंद ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. वेळा काय बदलायच्या ते तेच ठरवतील. बारीतलं पिठलं-भाकरी सोडू नका, पण पिठलं म्हणजे बेसन, बेसन म्हणजे प्रथिनं, आणि पुष्कळांच्या बाबतीत प्रथिनं या गोळीच्या आड येतात. गोळी आणि जेवण यांत किती अंतर ठेवायचं तेही विचारून घ्या. पाणी पीत राहा. बसल्या जागेवरून झटकन उठू नका, या आजारात रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो.

आता पैशांचं. वर्गणी देणाऱ्यांना तुम्ही शिखराचं वचन दिलंय का? दिलं असेल तर आजच बदला. ‘मी चालणार आहे’ एवढंच सांगा. लोकांचे पैसे डोक्यावर असले की माणूस परत फिरायला लाजतो, आणि डोंगरात ती लाज महागात पडते. परत फिरायची वेळ घरीच ठरवा, समजा दुपारी १२. आणि घड्याळ तुमच्याकडे नको, ग्रुपमधल्या सगळ्यात खडूस माणसाकडे द्या. उतरण चढणीपेक्षा वाईट. तेव्हा अंग थकलेलं असतं आणि गोळीही उतरणीला लागलेली असू शकते.

यजमानांवर मी रागावणार नाही. ओढणीखालचा तो हात ते तीन वर्षं रोज बघताहेत. त्यांना बारीपर्यंत तरी न्या आणि गोळ्यांच्या वेळा त्यांच्याकडे सोपवा. हाताला काम मिळालं की कुरकुर निम्मी होते, हा माझ्या घरचा अनुभव.

ग्रुपला कसं सांगायचं? भाषण नको. ‘मंडळी, ती नातेवाईक मीच. शिडीवर माझ्या मागे कोण राहणार?’ एवढा निरोप पुरे. दोघं-तिघं रुसतील, आधी का नाही सांगितलंस म्हणून. रुसू द्या.

आणि हो, तुमच्या पत्रातलं अक्षर, या आजारात होतं तसं, दुसऱ्या पानावर इतकं बारीक झालंय की मला भिंग घ्यावं लागलं. डिसेंबरनंतर लिहाल तेव्हा रेघांचा कागद घ्या. रेघ समोर असली की अक्षर सहसा तितकं आक्रसत नाही, शिडीच्या पायरीसारखंच.