सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनला का गेले? शहरात त्यांचं स्मारक कुठे आहे?

१९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात आपले द्वारकानाथ कोटणीस होते, वय अवघं २७. बाकीचे चौघे पुढे मायदेशी परतले, हे मात्र आलेच नाहीत. आघाडीजवळ दिवसरात्र जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकून तिथल्या तरुणांना वैद्यकी शिकवली, कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाचं तिथलं रुग्णालय सांभाळलं. अपस्माराचे झटके येत असतानाही काम सोडलं नाही. ९ डिसेंबर १९४२ ला गेले, तेव्हा मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता. चीनमध्ये आजही त्यांना हुतात्म्याचा मान आहे. आपल्याच गावातली पोरं त्यांना ओळखत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

भैय्या चौकातलं त्यांचं घर महापालिकेने स्मारक म्हणून जपलंय. मुलांना घेऊन जरूर जा.